सोडा त्याला

१८ जानेवारी २००४, रविवार

पाय मोडला. पुढचा डावा, गुडघ्याखाली. हाड कातडी फाडून बाहेर आलं नाही, एवढंच नशीब.

खारबावच्या बैलगाड्यांच्या शर्यतीला मला डॉक्टर म्हणून बसवलं होतं, जखमी जनावरं बघायला. बघितली! गाड्या सुटायच्या जागेवर केसरीनाथांचा बैल पाखऱ्या एका पायावर भारच देत नव्हता. वाकून हात लावला तर सांधा गरम. मान वर न करताच म्हटलं, ‘सोडा त्याला.’

जुवातून सोडा, असं म्हणायचं होतं मला. पण त्या मैदानात ‘सोडा’चा एकच अर्थ – पळू द्या. त्यांच्या गड्याने, महादूने, वेसण सोडली. झेंडा पडायच्या आधीच गाडी उधळली. मी धक्क्याने आडवी झाले. उठून बघते तर पाखऱ्या धुळीत.

तिथेच सुई दिली, कामट्या बांधल्या, टेंपोतून त्यांच्या घरी नेला आणि गोठ्यात प्लास्टर घातलं.

१९ जानेवारी

सगळे म्हणतात महादूचं डोकं फिरलं, झेंड्याआधीच बैल सोडला. केसरीनाथ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. भोंगा वाजत होता, माझं बोलणं महादूशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. उद्या सांगते.

२१ जानेवारी

नाही सांगितलं. प्लास्टर बघायला गेले होते. केसरीनाथांच्या बायकोने, गोदूबाईंनी, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. ‘तुमी व्हत्या म्हणून वाचला जनावर,’ म्हणाल्या. मी जेवले. दोन वेळा वाढून घेतलं!

महादूला घराबाहेर काढलंय. लहानपणापासून त्याच घरात राबला, पाखऱ्याला वासरू असल्यापासून त्यानेच वाढवलं. मी एक वाक्य बोलले असते तर तो आज गोठ्यात असता. हात धुतले आणि निघाले.

२२ जानेवारी

उचलली जीभ लावली टाळ्याला. ‘जू उतरवा’ म्हणायला काय झालं होतं?

२५ जानेवारी

आईला सांगितलं. शाळेत जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं तिने. म्हणाली, ‘बैल बरा होऊ दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर तुला कुणी जनावराला हात लावू देईल का?’ मलाही हेच ऐकायचं होतं, म्हणून तर तिच्याकडे गेले.

२९ जानेवारी

मानकोलीच्या नाक्यावर महादू दिसला. गोदामासमोर ट्रकमध्ये गोणी चढवत होता. पन्नाशीचा माणूस, पाठीवर गोणी! स्कूटर थांबवली. मला वाटलं, आता चार माणसांत बोलणार. त्याने एवढंच विचारलं, ‘पाखऱ्या खातंय का?’

खातोय म्हटलं. त्याने मान हलवली, पुढची गोणी घेतली.

माझं नाव त्याने कुठेच घेतलेलं नाही, म्हणजे मोठ्या मनाचा माणूस. मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची किळस आली.

३ फेब्रुवारी

गेले, बघितलं, आले. चहा घेतला नाही. चहा न घेऊन फार मोठं काही केलं जणू!

१४ फेब्रुवारी

पाखऱ्या चारी पायांवर उभा राहिला. प्लास्टर अजून राहू द्यायचंय. पळणार नाही, पण जगेल. केसरीनाथांचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाले, डॉक्टर असावा तर असा.

आता सबब उरली नाही. उद्या सांगायचं. महादूला परत आणायचं, मग मला दारात उभं करोत न करोत.

१५ फेब्रुवारी

सांगितलं. केसरीनाथ उठून आत गेले. गोदूबाई बोलल्या.

‘महादू तवाच बोलला व्हता. डाक्टरीणबाय बोलल्या सोडा, म्हणून सोरला. आमी त्याला खोटा पारला. शिकल्या-सवरल्या बाईवर आळ घेतोस, म्हणून यांनी त्याला मारला.’

कधी?

‘त्याच सांजेला. गोठ्याच्या मागं. तुमी पलास्टर घालत व्हत्या ना, तवा.’

आवाज ऐकला होता मी. बाहेर आपटाआपटी थांबवा, बैल घाबरतोय, असं ओरडलेही होते.