गुलाबी चिठ्ठीची दुसरी प्रत

५ जून

चि. खारूताईस, अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र रागाने लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. फोन केला असता, पण फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ऐकवत नाही.

काल बऱ्याच दिवसांनी तुमच्या वाचनालयात आलो होतो. ‘तुमच्या’ लिहिताना हात अडखळतो. एकतीस वर्षं मी त्या मागच्या खोलीत नव्या पुस्तकांच्या नोंदी केल्या, आणि आज त्याच टेबलावर माझी सख्खी पुतणी बसते, याचा मला कोण अभिमान! तू रजेवर होतीस. जुन्या शालेय कवितांचा एक जाडजूड संग्रह तुमच्याकडे आल्याचं कानावर होतं, म्हणून तो कॉम्प्युटरवर शोधला. पडद्यावर काय दिसावं? पुस्तकाचं अर्धंच नाव, एक तारीख, आणि खाली ‘तात्पुरती नोंद’. संपादक कोण, पानं किती, कोणत्या कपाटात, सगळ्याच्या नावाने शंख. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची! चौदा महिने एखाद्या पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून आत यायला कोणी सांगू नये, तसं हे झालं.

मी काय शोधतो आहे ते तुला ठाऊक आहे. ती होडीची कविता. चौथीत बाई ती डोळे मिटून म्हणायच्या. खिडकीतून शेवग्याची सावली फळ्यावर हलत असायची आणि आम्हाला ते पाणीच वाटायचं. धाकटी बहीण पैलतीरावरून हाक मारते, नावाडी होडी सोडतो, होडी पाण्याच्या मधोमध येते... आणि तिथे माझी स्मरणशक्ती वल्हं टाकून देते. पुढची दोन कडवी गेली ती गेलीच. तुझी काकू म्हणते, चाळीस वर्षं तुम्ही त्या पोरीला काठावर ताटकळत ठेवलंय, आता तिची आजी झाली असेल.

माझ्या हातून पूर्ण नोंदीशिवाय एकही पुस्तक पडून राहिलं नाही. नव्या ग्रंथपालांना तसं सविस्तर पत्र टाकलं आहे. वर्ष उलटून गेलेल्या तात्पुरत्या नोंदी ही वाचनालयाची बेअब्रू आहे, त्यांचा एकदा सोक्षमोक्ष लावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुला राग आला तर येऊ दे.

कळावे. लोभ आहेच, पण तूर्त रागाच्या मागे उभा आहे.

तुझा,
काका

१९ जून

ती. काकांस, कृ. सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. तुमच्या ग्रंथपालांना लिहिलेल्या पत्राचं फळही पोचलं, ते पुढे सांगते.

आधी हे ऐका. तात्पुरती नोंद म्हणजे बेअब्रू नव्हे. खोकं उघडलं की यादीशी ताडून, शिक्का मारून, दाखल नंबर घालून आम्ही त्याच दिवशी पुस्तकाचं नाव आणि तारीख चढवतो. कशासाठी? पुस्तक आलंय हे वाचकाला कळावं म्हणून. त्याने खिडकीवर मागणी-चिठ्ठी भरली की ते पुस्तक रांग सोडून पुढे येतं आणि दोन दिवसांत पूर्ण नोंद होऊन त्याच्या हातात पडतं. तुमचा संग्रह तुमच्यापासून चार हातांवर, मागच्या रॅकमध्ये होता. एक चिठ्ठी भरायची होती. पण एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेला माणूस बाहेर उभं राहून मागेल कसा? त्यापेक्षा तक्रार सोपी. सहा जणांचं काम आम्ही दोघी करतो, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत ना? वाटलंच.

आता फळ. साहेबांनी तुमचं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं. जुन्या जाणत्या माणसाने कान उपटलेत म्हणाले. लगेच आदेश निघाला: वर्षापेक्षा जुनी तात्पुरती नोंद आणि एकही मागणी नाही, असं प्रत्येक पुस्तक रद्दीत. मागणी असेल तेवढंच वगळायचं; तुमचं पत्र हीच मागणी धरून तो जाडजूड संग्रह तेवढा सुटला. आदेशाची सुरुवातच ‘ज्येष्ठ निवृत्त सहकाऱ्यांच्या पत्रास अनुसरून’ अशी आहे.

मोजणीसाठी मी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत एक्केचाळीस पुस्तकं. सगळी कवितांची, बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेने भेट दिलेली. प्रत्येकात गुलाबी चिठ्ठी, वर ‘तात्पुरती नोंद’, तारीख बावीस वर्षांपूर्वीची. अक्षर कोणाचं ते सांगायला नको. ‘क’ला तशी शेपटी दुसरं कोणी काढत नाही.

तरी मी म्हटलं, राहिली असतील घाईत. पण चिठ्ठीची कार्बन प्रत वाचक चाळतात त्या नोंदींच्या खणात टाकायची, हा नियम तुम्हीच बसवलेला. इथे मूळ चिठ्ठी आणि प्रत, दोन्ही पुस्तकातच आहेत, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. म्हणजे ही पुस्तकं आहेत हे बावीस वर्षांत कोणालाच कळलं नाही. मग मागणी कुठून येणार?

एक पातळ, करड्या कव्हरचं चौथीचं पुस्तक आहे. पान बत्तीसवर तुमच्या पेन्सिलची खूण. मथळा वाचला आणि पुस्तक मिटलं. होडीची कविता आहे, काका. पुढचं मी वाचलेलं नाही. रागात वाचायची नव्हती.

वरचा कप्पा दहा जुलैला रद्दीत जाणार, खालचा पंचवीसला. शिवाय ही पुस्तकं माझ्या खोलीत सापडली म्हणून मेमो मला. पुस्तकांची यादी आणि कोऱ्या मागणी-चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोबत आहे. एका वाचकाला दोनच पुस्तकं मागता येतात, आणि आम्हा नोकरीतल्यांना एकही नाही. काकूला नमस्कार.

लोभ मागत नाही, माणसं गोळा करा.

आपली,
खारूताई

२४ जून

चि. खारूताईस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवणावरून उठलो. तिसऱ्या दिवशी काकूने ताट वाढलंच नाही, म्हणून शुद्धीवर आलो.

ते कपाट उघडायला तुला कोणी सांगितलं, असं विचारायला लेखणी उचलली होती. मग आठवलं, मीच सांगितलं. पत्र लिहून सांगितलं.

विसरलो म्हणालो तर खोटं होईल. सोयीने आठवलं नाही. ते खोकं आलं तेव्हा वरच पाचवीचं पुस्तक होतं, त्यावर शाईचा हाताचा पंजा. कोणा पोराचा असेल. जेवणाच्या सुट्टीत मी रोज एक पुस्तक काढून वाचायचो. पूर्ण नोंद केली की पुस्तक बाहेर जाणार, कोणी पान दुमडणार, कोणी त्यावर कपबशी ठेवणार. मग म्हटलं, आजचा दिवस राहू दे. असे आजचे किती दिवस झाले कोण जाणे. होडीची कविताही तिथेच होती, आणि ती कायमची आपल्या हाताशी आहे म्हणून मी पाठ केली नाही! उशाशी घागर आणि घसा कोरडा, दुसरं काय. लहानपणी तू खोडरबर फ्रॉकच्या खिशात लपवायचीस म्हणून तुला खारूताई म्हणायला लागलो. नाव चुकीच्या माणसाला पडलं.

कामाला लागलो आहे. पण एक अट घातली आहे. ज्याला शाळेतल्या कवितेची निदान एक ओळ म्हणता येईल त्यालाच चिठ्ठी. उगाच कोणाच्याही सह्या घेऊन मागणी दाखवायची, हे मला जमणार नाही. औषधवाला म्हणाला, काका, तुम्हीच भरा, मी सही ठोकतो. मी चिठ्ठी परत घेतली. शिंप्याने मात्र चार ओळी म्हटल्या, चारही चुकीच्या. त्यावरून भांडण झालं, पण चिठ्ठी दिली. माझ्या वाट्याची दोन मी शेवटी मागीन. यजमानाने पहिल्या पंगतीला बसू नये.

कळावे. लोभ ठेवायची ही वेळ नव्हे हे कळतं, तरी ठेव.

तुझा,
काका

११ जुलै

ती. काकांस, कृ. सा. न.

वि. वि. काही नाही. नऊ पुस्तकं काल गेली.

वरच्या कप्प्यात सतरा होती. पंधरा दिवसांत तुम्ही चार माणसं पाठवलीत: शिंपी, निवृत्त पोस्टमन, घड्याळवाला आणि तुमच्या बाकावरचे ते खोकणारे आजोबा. चार माणसांमुळे आठ पुस्तकं वाचली. उरलेली नऊ टेम्पोवाल्याने सुतळीने बांधली. एकाचं कव्हर सुटून खाली पडलं, ते त्याने पायाने सरकवलं. शाईच्या पंजाचं पुस्तक त्या गठ्ठ्यात होतं.

मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, तुमच्या काकांनीच तर शिस्त मागितली होती.

औषधवाला सही करत होता, काका! त्याच्या एका सहीत दोन पुस्तकं होती. त्याला ओळ आली नाही म्हणून तुम्ही चिठ्ठी परत घेतलीत. ओळ आली नाही कारण पुस्तक त्याला कधी मिळालंच नाही, आणि ते मिळालं नाही कारण ते तुमच्या कपाटात होतं. तेव्हा लोखंडी कुलूप होतं, आता कवितेच्या ओळीचं घातलंत. माणूस तोच, किल्ली त्याच्याच खिशात. तुमचं कवितेवर प्रेम असेल, पण ते असलं प्रेम आहे की दुसऱ्याच्या तोंडी तिचं नावही खपत नाही.

मेमोला उत्तर दिलं, ‘जुन्या काळातील नोंद, कारण माहीत नाही.’ तुमचं नाव घातलं नाही. त्याचाही राग येतोय.

खालच्या कप्प्यात चोवीस आहेत, करडं पुस्तक त्यांत आहे. चौदा दिवस उरलेत. बारा माणसं लागतील. काकूला हे पत्र दाखवा. नाही दाखवलंत तर मी येऊन दाखवीन.

लोभ कपाटात ठेवला आहे, मागणी आल्यास देईन.

खारूताई

१६ जुलै

चि. खारूताईस, आशीर्वाद.

पत्र काकूला दाखवावं लागलं नाही. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला, चपला घातल्या आणि निघाली. मी अटीची आठवण केली तर दारातून म्हणाली, मला पसंत केलीत तेव्हा कविता कुठे म्हणायला लावली होती? तेव्हा नाक बरं आहे म्हणालात आणि चहा प्यायलात.

दोन तासांत परत आली. औषधवाला, दूधवाला, जिन्यात पाय पसरून बसणाऱ्या त्या दोघी बहिणी, झाडून सगळे. आणि वरच्या मजल्यावरचा तो भिंती भोसकणारा! रविवारी सकाळी ज्याच्या यंत्राने माझ्या भिंतीवरची तसबीर पडली, त्याने दोन पुस्तकं मागितली आहेत. जाडी द्या म्हणाला! त्याच्या आईला दिसत नाही, तिला वाचून दाखवणार म्हणे. माझा संताप झाला. मग विचार केला, आईला वाचून दाखवायचं माझ्या कधी डोक्यात आलं होतं? त्यावर आणखी संताप झाला, पण तो कोणावर ते लिहीत नाही.

बारा माणसं, चोवीस चिठ्ठ्या, सोबत पाठवतो आहे. मी मोजल्या, वाचल्या नाहीत. वाचल्या तर एखादी परत घेईन अशी भीती वाटली.

लोभाची मागणी याच पत्री नोंदवावी.

काका

२८ जुलै

ती. काकांस, कृ. सा. न. वि. वि.

चोवीसही वाचली. आम्ही दोघींनी दहा दिवस दुसरं काही केलं नाही. नाव, संकलक, पानं, वर्ग नंबर, सगळं पूर्ण, तुमच्यासारखं. पाठीवरची तात्पुरत्या नोंदीची पिवळी पट्टी काढून पूर्ण नोंदीची पांढरी लावताना हाताला डिंक लागला आणि रडू आलं. डिंकानेच आलं असं समजा.

टेम्पो पंचवीसला आला आणि रिकामा गेला. टेम्पोवाला सुतळी मात्र इथेच विसरला. ती मी खणात ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. बाराव्या वाचकाचं नाव तुम्ही पाहिलं नाहीत. ती काकू आहे. चौथीचं करडं पुस्तक तिने मागितलं. मी खिडकीवर म्हटलं, हे तुझ्या नावावर आणि काकांच्या हातात असंच ना? तर म्हणाली, अजिबात नाही. चाळीस वर्षं अर्धीच कविता ऐकली, आता अख्खी आधी मी वाचणार. पंधरा दिवसांची मुदत आहे, आणि वाढवून मिळते का तेही विचारून गेली.

तुमच्यावरचा राग नऊ पुस्तकांइतका उरलाय. तो कमी होईलसं वाटत नाही.

तरी लोभ पूर्ण नोंदीचा, तात्पुरता नव्हे.

आपली,
खारूताई

२ ऑगस्ट

चि. खारूताईस, अ. उ. आ. वि. वि.

राग कमी करू नकोस. त्या नवांसाठी ग्रंथपालांना शिव्या देऊन पाहिल्या, त्या दोन दिवस पुरल्या. टेम्पोवाल्याला दिल्या, त्या दुपारपर्यंतही टिकल्या नाहीत. शाईचा तो पंजा डोळ्यांसमोरून हलत नाही. ग्रंथपालांना दुसरं पत्र टाकलं आहे: गुलाबी चिठ्ठ्या माझ्या, दोन्ही प्रती मीच दडवल्या, मेमो माझ्या पत्त्यावर पाठवावा. तेही बैठकीत मोठ्याने वाचा म्हटलं आहे.

इथे तुझ्या काकूने उच्छाद मांडला आहे. बाल्कनीत खुर्ची टाकून करडं पुस्तक वाचते. पान बत्तीस आलं की त्यावर तळहात ठेवते. एकदा हसली. काल त्याच पानावर डोळे पुसले. मी विचारलं, पुढे काय होतं? म्हणाली, रांग आहे. ती आंघोळीला गेली तेव्हा पुस्तक स्टुलावर उघडंच होतं. मी खुर्चीपर्यंत गेलो. खारूताई, शपथेवर सांगतो, मी पाहिलं नाही. नोकरीत असेपर्यंत रांग मोडून वाचलं, त्याचं काय झालं ते पाहतोच आहे. रागारागाने स्वयंपाकघरात येऊन बसलो.

तुझ्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी उरली होती. जन्मात पहिल्यांदा भरतो आहे. चुकली असेल तर सुधारून घे. खिडकीवर मी स्वतः येईन, आणि बाहेरच्या बाजूला उभा राहीन.

लोभ असेल तेवढा असू दे, मी मोजायला येत नाही.

तुझा,
काका

सोबत:

मागणी-चिठ्ठी
पुस्तक: चौथीच्या कविता, करडं कव्हर
सध्या कोणाकडे: आमच्याच बाल्कनीत
वाचक: निवृत्त नोंदणी कारकून
रांगेतील क्रमांक: दुसरा
मागणीचे कारण: होडी काठाला लागली की नाही, ते कळावे.