ट्रेलरची शेपूट

३ मे
मी सोळा वर्षांची असताना बाबा म्हणाले होते, "ट्रेलर डुलला, तर चूक ओढणाऱ्याची!" आज तेच वाक्य त्यांना ऐकवलं. तर म्हणे, "तो वारा होता." वारा! सस्कॅचवानच्या सपाट माळावर वारा नसतो कधी? गेल्या सप्टेंबरात तळ्यावरचा मुक्काम संपवून परतताना गाडीमागचा राहायचा ट्रेलर असा डुलला, की मागचा ट्रकवाला थांबून विचारपूस करून गेला. आईनंच सांगितलं. हसत!

५ मे
हिचच्या, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यांच्या दुकानात. प्रश्न मी विचारायचे, उत्तरं दुकानदार डॅरिलनं बाबांना द्यायची! "काका, डुलणं रोखणारी ही साधी दांडी. पण रिव्हर्स घेण्याआधी काढायची, आणि पावसात भरवसा नाही. नाहीतर हा भार वाटून देणारा मोठा हिच." मी म्हटलं, "एवढासा ट्रेलर. नेमकं लागतं काय?" "मॅडम, मनाची शांती लागते!" मी तरातरा गाडीत जाऊन बसले. बाबा बाहेर आले ते दोन्ही घेऊन. वाकडे खिळे सरळ करून वापरणारा माणूस!

६ मे
चिडून झोपले. चिडूनच उठले.

९ मे
आई म्हणाली, "जाताना बांधता तसंच सगळं बांधून फिरवून आणा." ती घरी रुबार्बची आंबटगोड पाय-पेस्ट्री करत बसली, मी बाबांच्या शेजारी. नवा हिच, नवी दांडी — आणि तरी डुलला! बाबांनी पायाचा ब्रेक दाबला नाही. हाताशी असलेल्या कळीनं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावला, सावकाश. सगळं शांत झालं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी येऊन डॅरिलला फोनवर फैलावर घेतलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. मग विचारलं, "मागे काही टांगलंय का?"
"आईची बसून फिरायची बॅटरीची स्कूटर. ट्रेलरच्या बंपरच्या रॅकवर."
"मग ताई, कितीही दांड्या लावा. मागे जड झालं, की पुढचं टोक उचलतं. शेपूट हलणारच. तुम्ही गाडीत जाऊन बसलात, तेव्हा काकांना विचारलं होतं मी. म्हणाले, मागे काही नाही."

काही नाही!

१० मे
गॅरेजमध्ये गाठलं. "खोटं का बोललात?"
बाबा बोल्ट पुसत राहिले. "गुडघे गेल्यापासून त्या स्कूटरवरच ती पाण्यापर्यंत जाते. गाडीत ते धूड मावत नाही. तिच्यामुळे डुलतो हे कळलं, तर ती येणारच नाही. वारा म्हटलेलं बरं. म्हाताऱ्याला चालवता येत नाही म्हणा, तेही चालेल."

मला आणखीच राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

११ मे
नाहीच म्हणणार ती. लग्नापासून दोघंच जातात तळ्यावर. सोबत कुणी आलेलं तिला खपत नाही. कारणही सांगता येणार नाही. तरी आत्ता जाऊन विचारते — "आई, यंदा स्कूटर माझ्या व्हॅनमध्ये घालू? मी येते तुमच्या मागून."