मुठीआडचा गंज

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

आईला एवढंच सांग, की अण्णांची जपानी तलवार संग्रहालयातल्या जाणकारांनी अगदी दोन्ही हातांनी उचलून पाहिली.

पुढचं फक्त तुला. त्यांनी मुठीतली खुंटी काढून मूठ उतरवली आणि तलवार माझ्याकडे परत सरकवली. मुठीआडच्या पात्यावरच्या गंजावरून तलवारीचं वय ठरतं म्हणे. तो गंजच आईने मूठ काढून, चिंच लावून घासून काढला होता; अण्णांची वस्तू मळकी कशी पाठवायची! आता ती खरी की नकली, देव जाणे. अण्णांचा संग्रह तिथे ठेवायची आशा संपली.

तुझा खोकला कसा आहे?

तू लिहितेस, आई उरलेल्या तलवारीही घासायला बसली आहे. अडवू नकोस. अण्णा गेल्यापासून तिने पहिल्यांदाच काहीतरी हातात घेतलंय.

चिंच संपली तर आणून दे.

तुझाच,
धाकटा