रुसलेलं दार

मार्गशीर्ष शु. २, शके १८६०

हे वाचशील तवा म्हणशील, "आये, हे कधी झालं? मला कुणी सांगितलंच न्हाई." सांगितलेलं असतं, बाबा. तुझ्या डोक्याला बूड न्हाई, वरनं वतलं की खालनं जातं. दिवाळीला आलास आन् सोताचं धोतर वळणीवर ठेवून पुण्याला गेलास. अजून वाळतंय.

म्हणून आता रोजचं रोज लिहून ठेवायचं. म्या बोलायचं, रखमानं लिहायचं. मला अक्षर म्हंजे मुंग्यांची रांग. तुझी बायको भोरला तिसरीपातुर शिकली, ते आज कामी आलं. फक्त तुझं नाव आलं की हिचा हात थांबतो. "अगं, तोंडानं घ्यायचं न्हाई, लिहायला काय झालं?" तर लाजून लाल. हिची लेक पोटुशी झाली, हिची लाज अजून कवळी. "हे" एवढंच लिहिते. ऱ्हाऊ दे.

कामाचं. मागच्या खोलीचं दार खालनं कुजलं. कुत्र्याचं डोस्कं आत येतंय. वरच्या धनगरवाड्यातनं परवा वाघरानं शेळी उचलली. तुझी चंद्रा पुनवेला वेल्ह्याहून बाळंतपणाला येणार, त्याच खोलीत. आन् पोटुशी पोर घरात आली की मग खिळा ठोकायचा न्हाई, दाराला हात लावायचा न्हाई. तवा जे काय ते पुनवेच्या आत.

शु. ४

नानाला सांगावा धाडला. गावचा सुतार तो, दुसऱ्या कुणाला सांगणार? निरोप आला, कणकण हाय. रखमा पाण्याला गेली तर हा मारुतीच्या पारावर बसून मोठ्यानं हसत होता. लई चांगली कणकण.

दुपारी कामथडीचा सुतार गावात आलेला, पाहुण्यांकडं. हाक मारली. गूळपाणी घेतलं, दार बघितलं, ठोकून बघितलं. मग म्हणाला, "आजी, तुमच्या गावाला सुतार न्हाई व्हय?"

म्हटलं, हाय की.

उठला. "मग मी त्याच्या वतनात रंधा घालू? उद्या माझ्या गावात कोण घालंल." गूळपाणी फुकट गेलं. पण माणूस खरा.

चंपाषष्ठी

खंडोबाचा निवद. भरीत-रोडगा झाकून मीच नानाकडं घेऊन गेले. दाराचं नाव काढलं न्हाई. थंडीचं बोलले, त्याच्या म्हशीचं बोलले. भरीत निम्मं सरल्यावर त्यानंच काढलं.

"वैनी, चंद्राच्या लग्नात कुंभाराला पागोटं, न्हाव्याला पागोटं, परटाला नारळ. पाट मी केला. त्या पाटावर नवरी बसली. माझ्या हातावर काय आलं? वारा."

तू त्या टायमाला वाजंत्र्यांच्या मागं पळत होतास, आठवतंय का? आठवत नसणार.

म्हटलं, नाना, आता देते. पागोटं देते, नारळ देते, जेवाय वाढते.

"तुमच्यावर माझा राग न्हाई. घरच्या कर्त्यानं द्यायचा मान त्यो. जो विसरला त्यानं आठवावं."

भरीत मात्र पुसून खाल्लं.

शु. ८

काल रखमानं चिठ्ठी लिहून भोरच्या सर्व्हिस मोटारवाल्याकडं दिली. पुण्यात दुकानादुकानांत तुझा ठाव काढून पोचवतो म्हणाला. चिठ्ठीत सगळं हाय: मान, पागोटं, पुनव.

तोवर हातावर हात ठेवून कसं बसायचं? भोरचा एक मिस्त्री बोलावला. त्याला वतन न्हाई, रोजावर काम. आला, पट्टीनं मापं घेतली. म्हणाला, "चौकट काढू, उंबरा काढू, बिजागऱ्या लावू, फर्स्टक्लास दार."

म्हटलं, उंबरा ऱ्हाऊ दे. तवा हेच घराचं म्होरलं दार व्हतं, त्या उंबऱ्यावर मी माप लवंडून आत आले, ही रखमा आली. तो काढायचा न्हाई.

"बरं, ऱ्हाऊ दे." गरीब हाय बिचारा. एकादशीला येतो म्हणून गेला.

शु. १०

आता ऐक. मिस्त्री येऊन गेल्याचं नानाच्या कानावर गेलं. आज सकाळी हा न बोलावता दारात. राम राम न्हाई, काय न्हाई. सरळ मागं गेला, कुजकं दार उचलून उंबऱ्याच्या खळग्यातनं काढलं आन् डोक्यावर घेतलं.

"नाना, काय करतूस?"

"माझ्या बापानं केलेलं दार हाय. परक्याचा हात लागायचा न्हाई."

गेला की! कालपातुर कुजकं का हुईना, दार व्हतं. आज नुसतं भोक. रखमा रडाय लागली. मला हसू आलं, काय करू? सगळा गाव बघत व्हता, म्हातारा डोक्यावर दार घेऊन चाललाय, जसा काय रुखवत.

एकादशी

मिस्त्री आला, भोक बघितलं, ऐकलं, हात जोडले. "आजी, गावकीच्या भांडणात मला नगं." पट्टी खिशात, माणूस वाटंला.

घोंगडं टांगलं. माझी बाज तिथं आडवी घातली. वाघराला आत जायचं तर आधी मला खावं लागंल. दात मोडतील त्याचे.

रखमाला म्हटलं, चंद्राला थोडं मागनं ये म्हणून कळवू का? ही म्हणाली, "आत्याबाई, आठवा सरला की गाडीचे धक्के सोसायचे न्हाईत." खरं हाय. पोर यायचीच. आन् ती आल्यावर दार न्हाई ते न्हाईच.

शु. १२

नानाच्या पडवीतनं तासण्याचा आवाज. कालपास्नं. चुना मागायचं निमित्त करून गेले. बघते तर नवं दार! सागाच्या फळ्या, मधे आडव्या पट्ट्या, बिजागरी न्हाई. खाली-वर लाकडाचीच बोटं काढलेली, आपल्या उंबऱ्याच्या खळग्यात बसतील अशी. माप घ्यायला म्हणून कुजकं दार नेलं व्हय! भिंतीकडं तोंड करून उभं केलेलं.

"कुणाचं रं हे?"

"कुणाचं न्हाई. लाकूड पडून व्हतं."

"मग भिंतीकडं तोंड का? तुझ्यावानी रुसलंय?"

तवा हसला. तोंड उघडलं तर आत एकबी दात न्हाई. मला ठावंच नव्हतं, कधी पडले. माझ्यामागनं जन्मला आन् माझ्या आधी बोळका झाला. म्हटलं, हे दार आज उचल, आजच बसव.

"बसवतो की. त्याला येऊ द्या."

शु. १३

मोटारवाला आला. तू आलास वाटलं. तू कुठला! त्यानं खिशातनं आपलीच चिठ्ठी काढली.

"आजी, यावर नाव कुठं हाय? वर लिवलंय, 'चंद्राचे बाबा यांस'. पुण्यात चंद्राचे बाबा ढिगानं हायेत. दोन दुकानं फिरलो, लोक हसले."

म्या रखमाकडं बघितलं. रखमानं भुईकडं. एवढे दिस तुझ्या नावानं बोटं मोडत बसले, आन् तुला पत्ताच न्हाई! ह्या खेपेला तू विसरला न्हाईस. लिहून ठेव गं, असं परत परत होत न्हाई.

म्हटलं, तोंडी सांगितलेलं वाटेतच ऱ्हातं, नाव लिही. लिहीना. कुलकर्ण्यांकडनं लिहून घेतलं असतं, पण घरातली गंमत चावडीवर कशाला? मग म्हटलं, उखाणा घे. उखाण्यात चालतं ना? कागदावर घे. लई येळ पेन्सल चावली. मग चिठ्ठीच्या वर लिहिलं, मला वाचून दाखवलं, पदरात तोंड घालून:

दाराला हवी कडी, सुताराला हवा मान,
सखारामरावांना चिठ्ठी देईल त्याचं होवो कल्याण.

मोटारवाल्यानं दोनदा वाचून घेतलं. चिठ्ठीबरोबर ही वहीच देते, म्हंजे मला काय ठावं नव्हतं असं म्हणायला तू मोकळा नको. पुनवेला सकाळी चंद्राची गाडी वेल्ह्याहून निघंल. तू आधी पोचतोस का पोर, ते तूच बघ. म्या बाजेवर हाय.

येताना पागोटं आण, नारळ आण. नारळ मानाला, नानाला चावायचा न्हाई, त्याच्या तोंडासाठी बत्तासे आण, मोठे, पांढरे, कोरडे. ते वाटेत तू खाऊ नको. आन् तुला यायला जमत नसंल तरी बत्तासे तेवढे ह्याच मोटारीनं पाठव, त्यावर तरी नानाचा रुसवा विरघळतो का बघते.