पालकांची परवानगी

शेलूबाजार, रविवार दुपार

प्रिय भागिरथाताईस,

धाकट्या लिलाचा मनापासून जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं). फोन करायचा सोडून कागद काहून खराब करून राह्यली, असं तू म्हणशील. पण ताई, मला मोबाइलचीच भीती बसली आहे. त्यात जे लिहीन ते आधी दुसरीकडे दिसतं. हे पत्र तुमच्या किन्हीराजा गावच्या जीपवाल्या सोमलाजवळ देईन. तो तरी उघडून वाचणार नाही.

सुरुवात माझ्याच हाताने झाली. पालकसभेत सरांनी सांगितलं की मुलांच्या मोबाइलवर नको ते उघडतं, ब्राउझरला पालकांचं कुलूप लावा. आपली पौर्णिमा यंदा दहावीत. दिवसभर मान खाली, ओठांवर हसू. ती ट्यूशनला गेलेली पाहून, सरांनी दिलेल्या कागदावरून एकेक पायरी वाचत, मी तिच्या खात्याला कुलूप लावलं. अगदी कडक. काही उघडायचं असेल तर परवानगी आईच्या खात्याकडे मागायची.

दुसऱ्या दिवसापासून माझाच मोबाइल बिघडला. हळदीचा भाव पाहायला गेले तर पडद्यावर एका लहान मुलाचं चित्र, आणि खाली 'पालकांना विचारा'. मी मोबाइल बंद करून चालू केला. पाहिलेलं सगळं पुसून टाकलं. ब्राउझर काढून पुन्हा घातला (तो रागावल्यासारखा आणखी कडक होऊन आला). एका ठिकाणी वय विचारलं, तिथे सेहेचाळीस लिहिलं. ते त्याला पटलं नाही. दर वेळी 'परवानगी मागा' असं बटण यायचं आणि मी दाबायचे. ऑनलाइन अर्ज भरून भरून सवयच झाली आहे, बटण दिसलं की दाबायचं. ती परवानगी जाते कोणाकडे, हा विचार डोक्यात आला नाही.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. अंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेजवळ, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. (दुखत नाही म्हणून बसून राहू नका, लवकर दाखवा, हे आशाताई म्हणून गावातल्या बायांना मी बारा वर्षं सांगते आहे. तेव्हा माझ्या आवाजात काय धीर असतो, ताई!) कोणाला सांगायची हिंमत होईना, म्हणून मोबाइलला विचारलं. 'स्तनातील गाठ' एवढंच लिहिलं. त्याला ते घाण वाटलं. पुन्हा तेच लहान मूल, पुन्हा 'पालकांना विचारा'. मला रडूच कोसळलं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, आता कोणाला विचारू? चार दिवसांत अकरा वेळा मी ते बटण दाबलं.

त्याच चार दिवसांत पौर्णिमाचं हसू गेलं. जेवण कमी झालं. माझी खात्रीच पटली की पोरगी काहीतरी भयंकर पाहते आहे, आणि मी कुलूप आणखी घट्ट केलं.

शेवटी हेमसिंगच्या मोबाइल दुकानात गेले. त्याने दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, याच्यात तं पोरीचं खातं हाये. तुमी सोताच्याच मोबाइलले कुलूप लावलं!" आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवा मोबाइल आला की तो पौर्णिमाच्या अभ्यासाला, आणि तिचा जुना मला. जुन्यातलं तिचं खातं कोणी काढलंच नव्हतं. नव्याला मोठ्या माणसाचं खातं लागतं म्हणून दुकानातच माझं घातलेलं. म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने लेकरू मी, आणि आई ती. अकराही वेळा परवानगी माझ्या पोरीकडे मागितली गेली होती.

घरी आले तर ती उंबऱ्यात बसलेली.

"आई, अकरा येळा काय पाहून राह्यली होती व?"

"आशांचं ट्रेनिंग हाये, त्याच्यासाठी."

"मले नको शिकवू. मी चार दिवसांपासून तेच वाचून राह्यली."

ते पान उघडायची मी परवानगी मागितली. तिने दिली नाही. "पह्यले दवाखाना, मंग वाचजो," म्हणाली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी रडली.

भाऊजींना जयभीम, लेकरांना गोड पापा.

तुझी,
लिला

ता. क. काळजी करू नकोस, साधीच गाठ असेल. सोबत कोणी आलंच पाहिजे असं काही नाही.

ता. क. दुसरा : मंगळवारी वाशीमला दाखवायचं ठरलं आहे. कितीतरी बायांचा हात धरून मी तिथल्या दवाखान्याच्या बाकावर बसले आहे, ताई. आता माझी पाळी आली तर पाय उचलत नाही. सकाळच्या जीपने येशील का?

ता. क. तिसरा (हे माझं अक्षर हाये, मावशी) : पत्र मी उघडून वाचलं. तू येजोच. आई येकटीच जातो म्हणत होती. तिले परवानगी नाही. — पौर्णिमा, पालक