चिंचेच्या पाण्यात राहिलेली पुंगळी

मामा, तुमची नजर गेली नव्हती. एवढं एक वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ते ऐकायला तुम्ही नाहीत. सासऱ्यांना आमच्याकडं मामाच म्हणतात, पण तुम्ही मला सुनेसारखं वागवलंत कधी? लग्न होऊन मी भालकीत आले तेव्हा रस्त्याकडच्या खोलीत तुमचं बंदूकदुरुस्तीचं काम चालायचं, भिंतीवर काचेत लायसन. उसात रानडुकरं घुसायची, म्हणून शेतकऱ्यांकडं परवान्याच्या बंदुका असायच्या. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते पिशवीत घालून तुमच्याकडं आणायचे. त्या धुऊन, घासून, तपासून पुन्हा भरायच्या. एक दिवस मी स्वयंपाकघरात देवाची भांडी चिंचेनं घासत होते. तुम्ही दारात थांबून बघितलंत आणि म्हणालात, "हात लई चांगला हाय की गं तुझा. माझं बी पितळच हाय." आत्याबाई, माझ्या सासूबाई, कडाडल्या, "सुनंला बारुदीत घालता व्हय? लोक काय म्हंतील?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बारूद मी बघतो. तिला पितळ बघू दे." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळं पातेलं आलं, आणि देवाच्या भांड्यांना ते लागू द्यायचं नाही अशी आत्याबाईंची ताकीदही आली.

भरायचं काम तुम्ही दार लावून एकटेच करायचात, तिथं मला कधी येऊ दिलं नाहीत. पण घासणं शिकवलंत ते असं की आजही पितळ हातात आलं की बोटं आपोआप वळतात. चिंचेचं पाणी पातळ करायचं, त्यात पुंगळ्या थोडाच वेळ ठेवायच्या, मग साध्या पाण्यातून दोनदा काढायच्या आणि गोणपाटावर उन्हात पसरायच्या. मग राख आणि जुन्या लुगड्याची चिंधी. मी चकाकी आणायला जीव काढायची, आणि तुम्ही हसायचात. "लगनात मिरवायचं हाय का हे? काळं गेलं का, तडा दिसतो. तेवढ्यासाठी घासायचं." मग दाराच्या उजेडात एकेक पुंगळी फिरवून बघायचात, नखानं टिचकी मारून कानाशी धरायचात. तुम्ही नाकारलेली पुंगळी कुणी कितीही गयावया केली तरी परत भरली नाहीत. एकदा एक मोठा बागायतदार चिडून म्हणाला, "कामून नखरे करायलाव, एवढी चांगली तर हाय." तुम्ही म्हणालात, "अण्णा, आतच फुटली तर गाल तुमचा हाय, माझा न्हाई." आणि पुंगळी खुशाल डब्यात टाकलीत. मला त्या वेळी तुमचा इतका अभिमान वाटला होता, मामा, की मी आत जाऊन उगाच दोनदा चहा केला.

आणि मग माझी ती करामत. घरी उदगीरचे पाहुणे आले, मी घाईत पुंगळ्या काढल्या आणि एक तळाला चिंचेच्या चोथ्यात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी काढली तर तांब्यासारखी लाल. तुम्ही ती हातात घेतलीत, रागावलात. "हे आता पितळ न्हाई राहिलं. आंबटानं खाल्लंय ह्याला. किती डाव सांगितलं, ध्यान कुठं असतंय तुझं?" आणि ती भंगाराच्या डब्यात टाकलीत. मला ते असं झोंबलं! हात चांगला म्हणणाऱ्या माणसानं पाहुण्यांदेखत बोलावं? तुम्ही बाकीच्या तपासून गोणपाटावर ठेवल्यात आणि जेवायला बसलात. मी ती लाल पुंगळी डब्यातून काढली, विटेच्या भुकटीनं घास घास घासली. वरची लाली गेली, खाली पिवळी धमक. तपासलेल्यांत मिसळून दिली. बघा म्हटलं, माझ्या हातानं काय होतं ते. मला खरंच वाटलं होतं की मी ती दुरुस्त केली.

थोड्या दिवसांनी मन्नाएखेळ्ळीकडचे एक शेतकरी आले. गालावर हळद थापलेली, हातात फाटलेली पुंगळी. डुकरं हुसकायला बार काढला तर ती आतच फुटली होती. डोळा थोडक्यात वाचला. ते भांडायला आलेच नव्हते, उलट म्हणाले, "अप्पा, तुमच्या हातची हाय म्हणून मी इचारच केला न्हाई." तुम्ही ती फाटलेली कड उजेडात धरलीत. आतून लाल होती. मी चौकटीला धरून उभी होते, ती पुंगळी मी ओळखली होती. तुम्ही एकदा भंगाराच्या डब्याकडं बघितलंत. मग त्यांचे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, "माझी नजर गेली, अण्णा. माझ्याकडून आता हे व्हायचं न्हाई." त्याच आठवड्यात बीदरला जाऊन लायसन परत करून आलात.

त्यानंतरही तुम्ही सुईत दोरा ओवायचात, गहू निवडायचात, लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायचात. आत्याबाई म्हणायच्या, "नजर गेली म्हंता आन् खडा बरोबर सापडतो." तुम्ही गप्प. मीही गप्प. लोक म्हणतात, भीतीनं बोलता येत नाही. मी स्वतःलाही हेच सांगत आले. पण खोटं तुमच्याशी कशाला बोलू? महिन्याभरात तुम्ही त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीत, भिंतीला स्वतः फळ्या ठोकून दिल्यात, आणि माझं शिवणाचं दुकान तिथं सुरू झालं. त्यावर दोन्ही पोरं शिकली. तुम्ही तिथंच बाकावर बसून येणाऱ्या बायकांना सांगायचात, "सुनंचा हात बघा माझ्या." हे पत्र मी त्याच खोलीत लिहितेय, आणि ते कुठं टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे.

तुम्ही त्या शेतकऱ्याचे हात धरून "माझी नजर गेली" म्हणालात ना, तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं, हे खरं आहे. पण मामा, त्याच क्षणी माझे डोळे खोलीभर फिरले, आणि शिवणाचं मशीन खिडकीपाशी बसेल हे मी बघून ठेवलं.