आठवी पासचा पासपोर्ट

बाबा, माझा पासपोर्ट आला. काळपट निळा आहे, शर्टाच्या खिशात मावतो. आतल्या फोटोत कपाळ आणि कान तुमचेच आहेत, बाकी आईचं. इथं मनालीत दुपारची भाजी चिरून झाली, पाहुणे बर्फ पाहायला वर गेलेत, म्हणून थोडा वेळ आहे. पत्र मी कधी लिहिलं नाही. शाळेत 'वडिलांस पत्र लिहा' असं यायचं तेव्हाही पुढच्या पोराचं पाहून लिहायचो, त्याच्या वडिलांची बदली झाली होती म्हणून माझ्याही वडिलांची व्हायची. हे घरी पाठवणार नाही. आईला वाचता येत नाही, ती शेजारच्या पोरीला बोलावील आणि ती पोरगी ओसरीत बसून मोठ्यानं वाचील. काही गोष्टी गल्लीनं ऐकायच्या नसतात.

दिग्रसच्या घराची पुढची खोली म्हणजे तुमचं दुकान. टेबल, त्यावर चौघडी घोंगडी, तिच्यावर डागलेली चादर आणि कोळशाची ती जड इस्त्री. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तुम्ही त्या टेबलाशी उभे. कपडे गुंडाळायला ट्रेझरीतून रिटायर झालेल्या साहेबांच्या घरून रद्दी यायची, आणि रविवारच्या पेपरात पानभर जाहिरात असायची: युरोप, बारा दिवस, रोज गरम वरण-भात. ते पान तुम्ही कधी गुंडाळायला वापरलं नाही. कोळसा फुलेपर्यंत धुरानं तुमचे डोळे भरायचे, म्हणून वाचायचं काम माझं. शाळेचं पुस्तक मी उघडत नव्हतो, पण ते पान पाठ होतं. तुम्ही विचारता, "आज कितवा दिवस बे आपला?" मी म्हणतो, "दहावा. आज पाण्यातलं गाव." तुम्ही बाही ताणून तिच्यावर पाणी शिंपडता आणि विचारात पडता. "पाण्यातलं गाव म्हणते, तं कपडे कुठं वाळू घालत असतीन?" "दोरीवर." "दोरी कायले बांधत असतीन?" मग आतून आई ओरडते, "चुलीत घाला ती दोरी! तीन सायबाइचे पँट पडून आहेत अन् हे बापलेक पाण्यात हिंडून राह्यले."

साहेब आणि बाई खरोखरच त्या सहलीला गेले, तेव्हा त्यांच्या सगळ्या कपड्यांना इस्त्री तुम्ही केली. परत आल्यावर साहेबांनी रंगीत चित्रांचं माहितीपुस्तक दिलं. तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगत फिरलात, "माही घडी पॅरिसले जाऊन आली." आई म्हणाली, "घडी गेली, माणूस इथंच." तुम्ही हसलात. मला वाटलं, आज ना उद्या आपल्या दोघांतलं कोणीतरी जाणार, म्हणूनच हे हसतात.

मी आठवी करून शाळा सोडली तेव्हा तुम्ही मारलं नाही. वर न पाहता म्हणालात, "ठीक आहे. उद्या म्हणू नको का बापानं सांगतलं नाई." मी लग्नाच्या स्वयंपाकाला जाऊ लागलो. आमचे आचारी महाराज दोन वर्षं एका सहलवाल्यांबरोबर युरोपात जाऊन आले होते. तिथं आपल्या लोकांना आठ दिवसांनी पोळी लागतेच, नाही मिळाली तर भांडण होतं, असं ते सांगायचे. माझा हात पोळीवर चांगला चालायचा. एका लग्नात कणकेत हात असताना ते म्हणाले, "तू पासपोर्ट काढ, बाकी मी पाहतो." मी अठरा वर्षांचा होतो. हात न धुता घरी पळत आलो, तुम्ही इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणालात, "खरंच का बे?" फोटोला पांढरा शर्ट चालत नाही असं कोणीतरी सांगितलं होतं, तर तुम्ही निळा काढून त्याला दोनदा इस्त्री केली. पहाटेच्या एस.टी.नं मी फॉर्म भरायला नागपूरला गेलो, तुम्ही स्टँडवर सोडायला आलात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे होतात.

नंतर मी चार दिवस ढाणकीला लग्नाच्या स्वयंपाकाला होतो. परत येऊन विचारलं, पोलीस आला होता का चौकशीला? तुम्ही म्हणालात, कोणी आलं नाही. पुढं महिने गेले. पोस्टमनची सायकल वाजली की मी बाहेर. एक दिवस नागपूरहून इंग्रजी कागद आला. तुम्ही म्हणालात, साहेबांकडून वाचून आणतो. आलात, माठातलं पाणी प्यालात, तोंड पुसलं आणि म्हणालात, "दहावी पास नसल्याले देत नाई म्हणे. कायदाच आहे." आणि वर म्हणालात, "म्हणून सांगत होतो, शीक."

मी त्या दिवशी जेवलो नाही. कायद्यावर कोण रागावतो? मी स्वतःवर रागावलो. सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसलो. पहिल्या पेपरला वर्गात शिरलो तर पोरं मला मास्तर समजून उभी राहिली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही टेबलावर हात टेकून हसलात. दोनदा बसलो, दोनदा इंग्रजीत आणि गणितात गेलो. दोन्ही वेळा निकाल पाहायला तुम्ही नेट कॅफेत माझ्याबरोबर आलात, माझ्या खुर्चीमागं उभे राहिलात, खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "आणखी एकदा बस." त्या हाताचा मला सगळ्यात जास्त राग येतो, बाबा.

महाराजांनी दुसरा पोरगा नेला. मी त्यांच्याच ओळखीनं इथं मनालीला आलो, कारण गावात राहून त्या टेबलासमोरून जाणं होत नव्हतं. पुढच्या वर्षी तुमची छाती भरली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. सात वर्षं झाली. या सात वर्षांत कोणी शिक्षण विचारलं की मी आठवी हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हणायचो. गुन्हा केल्यासारखा.

गेल्या पावसाळ्याच्या आधी आमच्या इथला भांडी घासणारा गढवाली पोरगा दुबईला निघाला. त्यानं पासपोर्ट दाखवला. मी विचारलं, तू दहावी कधी झालास? तो हसायलाच लागला. "भैया, मैं तो चौथी फेल हूँ." मला वाटलं, कायदा बदलला असेल. सुट्टी काढली, नागपूरला जाऊन फॉर्म भरला आणि या खेपेला पोलीस येईपर्यंत घरातून हललो नाही. तो आला, दोन प्रश्न विचारले, सही घेतली, चहा पिऊन गेला. आई कपबशी उचलत सहज म्हणाली, "मांगच्या वक्ती आलता तो बुढा होता. चहा नाई पेला त्यानं."

मी म्हटलं, "मांगच्या वक्ती कोण आलतं?"

ती मोरीकडं गेली. मी मागं गेलो. "आई, कोण आलतं?"

"आता कायले उकरतं बाप्पा. ज्यानं केलं तो गेला."

"काय केलं?"

कपबशी धुवून झाली तरी ती धूतच होती. "तुह्या बाबानं त्याले सांगतलं, पोरगा इथं राहत नाई. कुठं राहते मले ठाव नाई. मी दारामांगं होती. मले म्हणे, तोंड उघडशीन तं माह्यं मेलं तोंड पाहशीन."

"अन् तो कागद? दहावीचा?"

"त्यात दहावी कुठची आली. पोरगा पत्त्यावर राहत नाई, असं होतं त्यात. सायब म्हणे, पोराले नागपूरले घेऊन जा, घरीच राहते म्हणून लिहून दे, होऊन जाईन. ते म्हणे हाव, नेतो."

तर तुम्ही 'हाव, नेतो' म्हणालात. साहेबांच्या फाटकापासून आपल्या दारापर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. त्या पाच मिनिटांत तुम्ही दहावीचा कायदा केला. मी आईशी दोन दिवस बोललो नाही, पण ती जिवंत आहे, तिसऱ्या दिवशी तिनं भाकर वाढली आणि मी खाल्ली. तुमचं काय करू? तुम्ही 'जाऊ नको' म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, भांडं फेकलं असतं, गेलोही असतो कदाचित. ते बापाचं काम झालं असतं. तुम्ही माझ्याच आठवीचा दगड उचलून माझ्या वाटेत ठेवला आणि मी तो दोन वर्षं ढकलत होतो तेव्हा बाजूला उभं राहून म्हणालात, आणखी एकदा. आणि संध्याकाळी पुन्हा विचारायचात, आज कितवा दिवस बे आपला? माझ्या तोंडून युरोप ऐकताना तुम्हाला काहीच होत नव्हतं का? मला तर वाटायचं, तुमचा आवाज बसतो तो माझ्या दुःखानं.

महाराज आता थकलेत, पण शब्द ठेवून आहेत. मे महिन्याच्या युरोप सहलीत पोळीला माझं नाव लागलंय, व्हिसाचे कागद मुंबईला गेलेत. आई फोनवर विचारते, तिथं तुले खायाले काय भेटन? मी सांगतो, मीच करणार आहे ना स्वयंपाक. तिला ते पटत नाही.

एक राहिलं. ढाणकीला निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे तो पोलीस यायच्या आधी, आपण जेवायला बसलो होतो, तेव्हा तुम्ही विचारलं, "बारा दिवसानं वापस येशीन ना?" मी ताटातच पाहत म्हटलं, "हाव, नाई तं कुठं जाईन." महाराजांनी मला एका पोराची गोष्ट सांगितली होती. तो इटलीत सकाळी दूध आणायला म्हणून गाडीतून उतरला आणि परत चढलाच नाही, आता तिथल्या एका हॉटेलात कामाला आहे. मी तेव्हापासून इटलीचा दिवस मोजून ठेवला होता. दहावा. महाराजांनाही सांगितलं नव्हतं, सोबतच्या कोणालाही नाही. यानं तुमचं खोटं कमी होत नाही आणि मी ते माफही केलेलं नाही. पण मी वापस येणार नव्हतो, बाबा. आणि ते मी एकट्यानं, मनातल्या मनात ठरवलं होतं.